भिरभिरीचं नाव येईना

माझी आई भेटायला आलेल्या माणसाचं आधी मनगट पकडते. ये, बस, कसा आहेस, हे सगळं नंतर. जन्मभर नर्स होती. निवृत्त झाली, पुढे डोळेही गेले, पण बोटांची सवय काही गेली नाही. समोरच्याची नाडी चाचपायची आणि मग त्याच्या बोलण्यावर कितपत विश्वास ठेवायचा ते ठरवायचं, अशी तिची पद्धत. दूध टाकायला येणाऱ्यालाही तिनं सोडलेलं नाही. "जपून राहा रे बाबा," असं एकदा त्याला म्हणाली, तर तो बिचारा पुढे कितीतरी दिवस छातीवर हात ठेवूनच जिना चढत होता.

माझ्या बाबतीत मात्र ही नाडीच माझ्यावर उलटली.

मी बास्केटबॉल खेळते. आमच्या शहराच्या महिला संघात, पहिल्या पाचजणींत, कित्येक वर्षं. सामना संपला की आंघोळ उरकून मी आईकडे जाते. ती माझं मनगट धरते, मान तिरकी करते आणि सुस्कारा सोडते.

"किती शांत चाललीये. आजही बसवूनच ठेवलं वाटतं तुला."

"आई, मी पूर्ण वेळ खेळले."

"हो गं बाळ."

हा 'हो गं बाळ' मी चांगला ओळखते. टाके ओले असताना 'मी उद्या घरी जाणार' म्हणणाऱ्या रुग्णांना ती ह्याच आवाजात 'हो' म्हणायची. रोज पळणाऱ्या माणसाची नाडी एरवी सावकाश चालते, हे तिला सांगून सांगून माझं तोंड दुखलं. पण तिच्या वॉर्डात पळणारी माणसं कधी आलीच नव्हती. जी आली ती आडवी होऊन आली. त्यामुळे तिचा हिशेब साधा होता, जी धावते तिची नाडी धावते, आणि जिची नाडी गोगलगायीसारखी चालते ती बाकावर बसून आलेली असते.

नुसत्या नाडीवर ती इतकं मोठं अनुमान काढणारी बाई नव्हे. तिच्याकडे दुसरा पुरावाही होता, आणि तो पुरावा म्हणजे माझा नवरा.

माझा नवरा आमच्या शहराच्या छोट्याशा रेडिओ केंद्रावर सामन्यांचं धावतं वर्णन करतो. आवाज असा आहे की त्यानं बाजारभाव वाचले तरी बायका हातातलं काम थांबवून ऐकतील. मीही तशीच फसले. आई माझ्या भावाच्या घरी, वरच्या मजल्यावर राहते. खिडकीत रेडिओ, रेडिओच्या एरियलच्या काडीला कपडे वाळत घालायचा चिमटा, तो काढला की खरखर सुरू होते. सामन्याच्या दुपारी आई पलंगावर पाय पसरून बसते, घरभराचे धुतलेले कपडे मांडीवर घेते आणि जावयाचा आवाज ऐकत ऐकत नुसत्या स्पर्शानं घड्या घालते. एकदाच आम्ही तिला हॉलमध्ये नेलं होतं. परत आल्यावर म्हणाली, "तिथे नुसते बूट करकरतात आणि लोक बोंबलतात. रेडिओवर निदान काय चाललंय ते तरी कळतं."

तर त्या रेडिओवर माझं नाव येत नाही.

सुरुवातीला पाचजणींची नावं वाचतात, त्यात येतं. "ते सगळ्यांचंच घेतात गं," आई म्हणते, "मान म्हणून." पुढे तास-दीड तास मी पाण्यात पडलेल्या खड्यासारखी गडप. नवरा स्वतः आईला सांगून बघायचा, "आई, ती खेळते हो, चांगली खेळते." त्यावर आई हसून म्हणायची, "तुम्ही नवरा आहात. तुम्ही म्हणणारच." आणि मला बाजूला घेऊन समजूत घालायची, की बाकावर बसणाऱ्यांचीही संघाला गरज असते, मनाला लावून घेऊ नकोस. तिच्या त्या मायेनं माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. रागावली असती तर भांडता तरी आलं असतं.

आमचं लग्न झालं त्या वर्षी नवरा माझं नाव अगदी चवीनं घ्यायचा. मग एके दिवशी केंद्रावर कुणीतरी त्याला विचारलं, "घरून यादी देऊन पाठवतात का रे?" सगळे हसले. माझा नवरा स्वभावानं इतका सरळ, की त्या दिवसापासून त्यानं माझ्या वाट्याचं नाव गिळायला सुरुवात केली. इतरांचं जितक्यांदा घ्यायचं तितक्यांदा घ्यायचं, आणि बायकोचं दोनदा विचार करून, म्हणजे घ्यायचंच नाही. तो पहिला विचार करतो तोवर बॉल पलीकडच्या टोकाला गेलेला असतो.

पण सगळं खापर त्याच्यावर फोडणंही बरोबर नाही. मी खेळतेच अशी, की नाव यायला जागा नसते. मी बास्केट फार करत नाही. समोरच्या संघातली जी सगळ्यांत भारी, तिला मी धरते. धरते म्हणजे हात लावत नाही. तिला जिथे जायचं असतं तिथे मी तिच्या आधी जाऊन उभी राहते, बस. आमच्या मुली मला 'कडी' म्हणतात, दाराची कडी. मी लागले की दार उघडत नाही. आता लागलेल्या कडीकडे कोण बघत बसतं? लोक झालेलं लक्षात ठेवतात. जी बास्केट झालीच नाही, जो पास कुणी दिलाच नाही, जी धाव सुरू व्हायच्या आतच विरली, त्यांना टाळ्या कोण वाजवणार?

मागे एकदा गुडघा दुखावला म्हणून मला खरोखरच बसवलं होतं. हॉलमध्ये जायचं जिवावर आलं, तेव्हा त्या दुपारी मी आईकडे गेले. तिच्या शेजारी आडवी झाले आणि तिच्यासारखेच डोळे मिटून रेडिओ ऐकत राहिले. खिडकीतून ऊन पापण्यांवर पडत होतं. नवऱ्याचा आवाज खोलीभर फिरू लागला आणि हळूहळू मला तो हॉल दिसायला लागला. पण कसा? सगळा काळोख, आणि त्या काळोखात एकटा बॉल तरंगतोय. बॉल जाईल तिथे दोन हात उगवतात, त्यांना नाव मिळतं, बॉल निघाला की हात विरघळतात. पुन्हा पलीकडे दुसरे हात. बाकी कुणीच नाही. जमीन नाही, भिंती नाहीत, बॉलपासून लांब उभी असलेली बाई तर नाहीच नाही. मी किती वेळ त्या काळोखात स्वतःला शोधत राहिले कोण जाणे. शेजारी आई टॉवेलची घडी घालत होती, तिचा कोपर मला लागत होता. तिच्या अंधारात मी कुठेच नव्हते, आणि मी तिच्या कुशीत झोपले होते.

मला त्या दिवशी फार रडू आलं. आईला वाटलं, गुडघा दुखतोय.

आईच्या त्या अंधारात सगळ्यांत जास्त उजेड कुणाचा असेल तर तो भिरभिरीचा. ही आमच्याच संघातली. तिला असं नाव पडलं कारण ती बॉल घेऊन स्वतःभोवती गिरकी घेते, आणि समोरची बाई बिचारी उरलेल्या वाऱ्याकडे बघत राहते. पाठीमागून पास देते, एका पायावर उडी मारते, बास्केट झाल्यावर प्रेक्षकांकडे बघून एक भुवई उचलते. माझ्या नवऱ्याच्या आवाजाला तिच्यामुळे पंख फुटायचे. "भिरभिरी! पुन्हा भिरभिरी! अरे, ही बाई आहे की वावटळ!" आई घडी अर्धवट टाकून टाळ्या वाजवायची. तिनं भिरभिरीसाठी चाचपत चाचपत एक मफलर विणला. मी म्हटलं, "आणि मला?" तर म्हणाली, "तिला घाम येतो गं, गारठेल पोर. तुला कशाला?"

भिरभिरीवर माझा राग नव्हता, हे खरं सांगते. दौऱ्यावर आम्ही दोघी कायम एका खोलीत. ती झोपेत मोजे काढून फेकते, सकाळी एक माझ्या उशीवर असतो. मनानं चांगली, आणि खेळायची तर देवानं दिल्यासारखी. हेवा मला एकाच गोष्टीचा वाटायचा, माझी आई तिला ओळखते.

ह्या वर्षी दोन गोष्टी घडल्या. भिरभिरी दुसऱ्या शहराच्या संघात गेली. आणि गुडघ्याच्या डॉक्टरांनी मला सांगितलं, हा हंगाम पूर्ण करा, पुढचा नाही. हंगाम सरत आला आणि अंतिम सामन्यात आमच्यासमोर कोण, तर भिरभिरीचा नवा संघ. माझा शेवटचा सामना. मला त्यातून कप नको होता, म्हणजे हवा होता, पण त्याहून जास्त मला एक हवं होतं. मी खेळले, हे माझ्या आईला कळायला हवं होतं. माझ्या सांगण्यावरून नाही, तिचं तिला. नाहीतर तिच्या लेखी मी जन्मभर बाकावरच बसलेली राहणार होते.

सामन्याच्या आदल्या सकाळी मी चहाचा कप नवऱ्यासमोर ठेवला आणि म्हटलं, "उद्या माझं नाव घ्यायचं."

"घेईन की. बॉल तुझ्याकडे आला की घेईन."

"बॉल माझ्याकडे येत नाही. मी जिच्यापाशी असते, तिच्याकडे मी तो येऊच देत नाही. तेच तर माझं काम आहे."

तो कपाच्या कानाशी खेळत बसला. "अगं, पण रेडिओवर जे होतं ते सांगतात. जे होत नाही ते सांगायला लागलो, तर सामना संपायचा नाही."

"मग एक सामना नाही संपला तर काय आभाळ कोसळणार आहे?"

"लोक म्हणतील..."

"लोकांना म्हणू दे. आईसाठी. एकदाच."

त्यानं माझ्याकडे बघितलं. मग म्हणाला, "घेईन. नक्की घेईन." आणि तो शब्द देतो तेव्हा मनापासून देतो, म्हणून तर त्याच्यावर नीट रागावता येत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी हॉल खच्चून भरला होता. उंच खिडक्यांतून ऊन तिरकं खाली आलं होतं आणि लाकडी जमिनीवर त्याचे रुंद पट्टे पडले होते. भिरभिरी पलीकडच्या बाजूला सराव करत होती, गळ्यात आईनं विणलेला मफलर. मला बघून तिनं भुवई उचलली. आमच्या कोचबाई मला एवढंच म्हणाल्या, "ती तुझी."

त्या सामन्यातलं मला सगळं आठवतं आणि काहीच आठवत नाही. गुण किती झाले, कधी कोण पुढे होतं, ते मला नंतर सांगितलं गेलं. मला आठवते ती भिरभिरी. उन्हाच्या पट्ट्यात आली की तिच्या मानेवरचे बारीक केस चमकायचे, सावलीत गेली की ती नुसती हालचाल होऊन उरायची. डावीकडे जायचं असलं की तिचा उजवा खांदा किंचित वर जातो. तिला स्वतःला हे माहीत नाही. दमली की ती नाकातल्या नाकात काहीतरी गुणगुणते. हे सगळं मला एका खोलीत राहून कळलं होतं, आणि आता ते माझ्या पायांना कळत होतं. ती निघायची आणि मी तिथे असायचे. ती वळायची आणि मी तिथेही असायचे. घाई नव्हती. पाण्याखाली चालावं तसं सगळं सावकाश आणि सोपं वाटत होतं.

ती बॉलसाठी हात वर करायची. तिच्या संघातली मुलगी तिच्याकडे बघायची, मग माझ्याकडे बघायची, आणि बॉल दुसरीकडे द्यायची. हॉलभरचे डोळे त्या बॉलच्या मागे निघून जायचे. आवाजही तिकडेच जायचा. आणि आम्ही दोघी मागे राहायचो, पाहुणे निघून गेलेल्या खोलीत दोघी राहाव्यात तशा. अशा वेळी इतकं शांत वाटायचं, की मला तिचा श्वास ऐकू यायचा.

"ए कडी," ती एकदा हळूच म्हणाली, "आज मला जगू देणार नाहीस का तू?"

"नाही."

"आई बऱ्या आहेत?"

"बरी आहे. रेडिओ ऐकतेय."

"मग एक गिरकी तरी घेऊ दे. त्यांना आवडते."

मला हसू आलं, आणि तेवढ्यात तिनं खरोखरच गिरकी घेतली. मी पाय टाकला, गुडघ्यातून कळ गेली आणि मी सपशेल आडवी झाले. पण बॉल तिच्या हातून सुटून बाहेर गेला होता. तिनंच हात देऊन मला उठवलं. त्यानंतर ती गुणगुणायला लागली. मला कळलं, दमली.

आम्ही जिंकलो. थोडक्यात, पण जिंकलो. आमच्या मुली एकमेकींच्या अंगावर पडत होत्या, आणि बातमीदार धावत गेले ते भिरभिरीकडे. हरलेल्या भिरभिरीकडे! "आज काय झालं? तब्येत बरी नव्हती का? नव्या संघात मन रमत नाही का?" तिनं मफलरनं तोंड पुसलं आणि माझ्याकडे बोट दाखवलं. "हिला विचारा." एकजण खरंच माझ्याकडे आला. मी टॉवेल बाजूला ठेवला, केस मागे घेतले. त्यानं विचारलं, "तुम्ही तिच्या जवळच्या मैत्रीण ना? आज तिला काय झालं होतं?"

मी म्हटलं, "मला माहीत नाही." दुसरं काय म्हणणार?

गाडीत नवरा गप्प होता. त्याचं गप्प राहणं मी ओळखते. संध्याकाळ होत आली होती, दुकानांतले दिवे एकेक करून लागत होते, आणि मला मात्र सगळे रस्ते पुसट दिसत होते.

"घेतलंस?" मी विचारलं.

"घेतलं."

"किती वेळा?"

"एकदा तू पडलीस तेव्हा." मग थोडं थांबून, "आणि एकदा पाणी पीत होतीस तेव्हा."

मी खिडकीची काच खाली केली.

"अगं, मी ठरवून बसलो होतो. शपथेवर सांगतो. पण बॉल तुझ्या बाजूला आलाच नाही. मी वाट बघत होतो, आता येईल, आता येईल. सामना संपला तरी आला नाही." त्याचा तो सोन्यासारखा आवाज पार बसला होता. "भिरभिरीचंसुद्धा नाव घ्यायला मिळालं नाही आज. काय झालं होतं तिला?"

"गाडी चालव," मी म्हटलं.

आईच्या खोलीत अजून दिवा लावला नव्हता. तिला लागत नाही, आणि दुसऱ्या कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. खिडकीत थोडा उजेड उरला होता. घड्या घातलेल्या कपड्यांची चळत तिच्या शेजारी तशीच होती, वर एक सदरा अर्धवट दुमडलेला. मी पलंगावर बसले. तिनं हात पुढे केला, मीही मनगट दिलं. लढायची ताकद नव्हती.

"पडलीस म्हणे," आई म्हणाली. "कशी काय? बाकावरून?"

दाराशी उभ्या असलेल्या माझ्या नवऱ्यानं डोळे मिटून घेतले.

"नाही आई. अशीच."

"लागलं का?"

"नाही."

"जिंकलात ना पण. बरं झालं." तिची बोटं मनगटावर स्थिर झाली, मान तिरकी झाली. मी वाट बघत होते, आता म्हणेल, शांत आहे, आता म्हणेल, बसवून ठेवलं. पण तिचं लक्ष नाडीकडे नव्हतंच. ती कपाळाला आठ्या घालून बसली होती. वॉर्डातल्या एखाद्या रुग्णाची लक्षणं बरी दिसली नाहीत, की माझ्या लहानपणी घरी आल्यावरही ती अशीच बसलेली असायची.

"भिरभिरीला काय झालंय?" ती म्हणाली.

आईसुद्धा! "काही नाही. बरी आहे ती."

"मग खेळली का नाही?"

"खेळली की. पूर्ण वेळ खेळली."

"उगाच काहीतरी सांगू नकोस. मी ऐकत होते ना. सुरुवातीला दोनदा नाव आलं. मग येईनाच. मला वाटलं, आता येईल, मग येईल. मी हा सदरा हातात धरून बसले ते तशीच. पोरीला काही झालं असणार, नाहीतर असं होत नाही."

"तिला काही झालं नाही, आई."

"बाहेर काढलं होतं?"

"नाही."

"आजारी नाही, बाहेर नाही, मग होती कुठे? धडधाकट माणूस असं नाहीसं कसं होईल?" तिला आता राग यायला लागला होता. "अगं, कुठेतरी असेल ना ती! कुठे होती?"

"माझ्याजवळ होती," मी म्हटलं.

खाली अंगणात माझ्या भावाची मुलं बॉल आपटत होती, धप, धप. आईची मान तशीच तिरकी राहिली.

"सगळा वेळ?"

"सगळा वेळ."

उरलेला उजेडही खिडकीतून निघून चालला होता आणि तिचा चेहरा मला नीट दिसत नव्हता. मग ती हळूहळू बोलायला लागली, आठवून आठवून, कुणाशी बोलतेय ते तिचं तिलाच माहीत नसावं तशी.

"ती डावखुरी होती एक. उपांत्य सामन्यात. फार ऐकलं होतं तिच्याबद्दल, जावई आधी सारखे सांगत होते. आणि सामन्यात तिचं नाव मध्येच बंद पडलं."

"माझ्याजवळ होती."

"आणि बंदरावरच्या संघातली ती उंच, तुम्ही उंट म्हणता ती? मी म्हटलं होतं सुनेला, ही बाई घरी गेली की काय?"

"तीपण."

"त्या दोघी बहिणी. त्यातली धाकटी."

"धाकटी माझ्याजवळ, आई. थोरली नव्हती."

"हो, थोरलीचं नाव येत होतं." तिनं मान हलवली. "येत होतं. बरोबर."

अशी ती एकेक आठवत गेली आणि मी हो म्हणत गेले. मी स्वतः विसरले होते अशाही काही बायका तिनं त्या अंधारातून बाहेर काढल्या. कुठल्या वर्षी, कुठल्या दुपारी, कुणाचं नाव अचानक थांबलं, सगळं तिच्याकडे होतं. फक्त ती नावं का थांबत होती, ते तिला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं होतं, पण तिला ऐकू आलं नव्हतं.

"माझ्या पाळीत वॉर्ड शांत असायचा," ती म्हणाली. "सकाळी बदलीवर येणारी बाई म्हणायची, नशीबवान आहेस गं, काल काहीच झालं नाही. इतका राग यायचा मला. घरी येऊन भांडी आपटायची मी, आठवतं ना तुला? काहीच झालं नाही म्हणे! काही होऊ नये म्हणून मी इकडून तिकडे फिरत होते, ते कुठे गेलं?" ती थांबली. "आणि मीच तुला..."

"असू दे गं, आई."

"असू दे काय? अगं, म्हणजे मी इतकी वर्षं तुलाच ऐकत होते की!"

दाराशी नवरा नाक ओढत होता. आईनं तिकडे तोंड वळवलं.

"आणि तुम्ही हो, जावईबापू! एवढं तोंड चालतं तुमचं, आणि एका शब्दानं सांगितलं नाहीत?"

"आई, मी सांगत होतो की..."

"काही सांगत नव्हता. तुम्हाला नुसता बॉल दिसतो. दिवा लावा तो आधी, पोरगी अंधारात बसलीये."

तो दिव्याचं बटण शोधायला लागला. आईनं पुन्हा माझ्याकडे मान वळवली, आणि तिच्या कपाळावर परत आठी पडली. बोटं मनगटावर जरा घट्ट झाली.

"हे काय? आत्ता का धावायला लागली ही? खेळून येतेस तेव्हा तर अगदी गोगलगाय असते."

"माहीत नाही," मी म्हटलं. "जिना चढले म्हणून असेल."

"हो गं बाळ," आई म्हणाली, आणि बोटं न काढता मोजत राहिली.